मनूलच्या गळ्यातलं सेतेर

झूद पडला की जनावरं मरतात, हे सगळे सांगतात. ती मेलेली जनावरं ओढावी लागतात, हे कुणी सांगत नाही. बर्फावर अवेळी पाऊस होतो, एका रात्रीत त्याची काच बनते, मेंढरांचे खूर त्या काचेवरून घसरतात आणि खाली गवत असून वर जनावर उपाशी मरतं. मग वसंतात एकेकाला पाय धरून ओढायचं आणि लांब घळीत नेऊन टाकायचं. त्या वर्षी दुलमानं दोनशेच्या वर ओढली. नवरा गोम्बो गुडघ्यांनी अधू. तो दारात बसून म्हणायचा, "अगं, जरा दम खा."

"दम खाऊन पोट भरत असतं तर ही मेली असती का?" दुलमा म्हणायची आणि पुढचा पाय धरायची.

साठीला टेकलेली बाई. लेक शहरात, ती फोनवर सारखी म्हणायची, आई, पुरे करा आता, इकडे या. दुलमाला वाटायचं, जाऊ की, त्यात काय, पण आधी एक झोप तरी पुरती होऊ दे. उरल्या सत्तर शेळ्यामेंढ्या. त्यांची वेतं चालू, दिवसरात्र वारा, चहाच्या वाटीत धूळ, दातांत धूळ. ती उभ्या उभ्या पेंगायची. एकदा शेळीची लोकर विंचरता विंचरता शेळीच्याच पाठीवर डोकं टेकून झोपली. शेळी बिचारी हलली नाही. तीही दमलेलीच होती.

अशात त्यांच्या कुत्र्यानं, बासरनं, मनूलची मादी मारली. दुष्काळात तेरावा महिना!

मनूल म्हणजे आमच्या माळावरचं रानमांजर. घरच्या मांजराएवढंच, पण अंगावर केसांचा असा भारा की लहानशी उशीच चालली आहे असं वाटावं. कान बाजूला पडलेले, तोंड जन्मापासून रागावलेलं. पळण्यात अगदीच ढ. बासरनं तिला उघड्यावर गाठली आणि शेपटी हलवत दारात आणून ठेवली. दुलमानं त्याला लाथ घातली. मग मादीला उचलून बाजूला ठेवताना तिच्या बोटांना ओलं लागलं. दूध होतं.

"कप्पाळ माझं," दुलमा म्हणाली. "अहो, हिला पिल्लं आहेत."

"असतील," गोम्बो म्हणाला. "आपल्यालाही मेंढ्या आहेत. चहा कर."

तिनं चहा केला नाही. उलान हदचे खडक त्यांच्या मुक्कामापासून हाकेच्या अंतरावर. तिथं ती संध्याकाळपर्यंत भेगाभेगांतून हात घालत हिंडली. चार पिल्लं मिळाली. ती कोटात घालून आणली. पहिल्या रात्रीत एक गेलं, तिसऱ्या दिवशी दोन. चौथं शेळीचं दूध बोटावरून चाटता चाटता बोटालाच चावलं, तेव्हा दुलमाला कळलं की हे राहणार. बोका निघाला.

त्या दिवशी सकाळच्या पहिल्या चहाचा पळीभर भाग आभाळाकडे उडवताना ती जे कधी मागत नसे ते तिनं मागितलं. "या वर्षी माझ्या हातानं नुसती मढी ओढून झाली. एक तरी जीव या हातानं जगू दे. बाकी काही नको." गोम्बोनं ऐकलं, पण थट्टा केली नाही. एरवी तो अशी संधी सोडत नसे.

बोक्याला नाव ठेवायचं नाही, असं तिनं आधीच ठरवलं. नाव ठेवलं की जनावर दारचं होतं. नुसतं मनूल म्हणायचं. आणि त्यालाही दारचं व्हायची हौस कुठे होती! दूध प्यायचा ते गुरगुरत, मांस खायचा ते फिसकारत. उपकार म्हणून कधी अंगाला अंग घासलं असेल तर शपथ.

"अगदी तुझ्या थोरल्या बहिणीसारखं तोंड आहे," गोम्बो म्हणायचा. "वाढणाऱ्याकडेच डोळे वटारून बघायचं."

"माझ्या बहिणीच्या हातचं खाताना बरे डोळे वटारले नाहीत तुम्ही."

बासरला तिनं दोरीनं बांधून टाकलं. पण खरी पंचाईत ही की मनूल सापडायचाच नाही. कुणी आलं, गाडीचा आवाज झाला, घार जरी वरून गेली, की हा जमिनीला चिकटायचा आणि संपलं. दगड! दोन पावलांवर असायचा आणि दुलमाला दिसायचा नाही. एकदा शेण्यांची पाटी घेऊन जाताना तिनं त्याच्यावर पायच दिला. दोघंही बोंबलली. मनूलला देवानं पाय दिले नाहीत धड, पण ही एक विद्या दिली, आणि तेवढ्यावर त्यांचा वंश चालला आहे.

उन्हाळा आला. झूदनंतरचं गवत नेहमीच चांगलं येतं, खायला कुणी नसतं म्हणून. मुक्काम त्यांनी यंदा हलवलाच नाही. तंबूचं घर उतरवायला आणि पुन्हा उभारायला अंगात त्राण कुणाच्या होतं? जुलैअखेर मनूल खडकांतच राहायला गेला. बिळांतले बिनशेपटीचे उंदीर धरू लागला. दोन दिवसांआड संध्याकाळी मेंढवाड्याच्या दगडी भिंतीवर यायचा, ठेवलेला मांसाचा तुकडा घ्यायचा, दुलमाकडे एकदा रागानं बघायचा आणि जायचा. तेवढ्या बघण्यासाठी ती धार काढायची थांबायची.

ऑगस्टच्या सुरुवातीला बाद्राख आला. त्याचं घर खोऱ्यापलीकडे. चाळिशीचा, धिप्पाड, मितभाषी. याच बाद्राखनं ऐन झूदमध्ये आपल्या उंटावरून दोनदा गवताचे भारे आणून टाकले होते, स्वतःची जनावरं मरत असताना. दुलमाच्या दारात आज ज्या सत्तर माना हलत होत्या त्या त्या गवतावर जगलेल्या. तो बसला. चहा प्याला. गवताबद्दल बोलला, घोड्यांबद्दल बोलला, मोटारसायकलच्या टायरबद्दल बोलला. तिसरी वाटी संपली तरी उठेना.

"बाद्राख," दुलमा म्हणाली, "ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस, बाबा? काय ते बोल."

तो टोपी फिरवत राहिला. "आईचं, काकू. डावं अंग गेलंय ते गेलंच आहे. मोठ्या दवाखान्यात नेली, तर म्हातारपण आहे म्हणाले, घरी न्या. आता तर कुशीवर वळवावं लागतं."

"ठाऊक आहे रे मला."

"जुनी माणसं म्हणतात, मनूलची चरबी चोळावी आणि मांसाचं सूप पाजावं. रग येते अंगात." त्यानं मान वर केली नाही. "तुमच्या इथं एक येतो असं ऐकलं."

गोम्बो खोकला. "त्याला मारायला कायद्यानं बंदी आहे, पोरा."

"कायदा दीडशे मैलांवर राहतो, काका. आई माझ्या घरात राहते."

चुलीतली शेणी ढासळली.

"मला काय, मी खडकात बसून मारू शकलो असतो," बाद्राख म्हणाला. "पण तुम्ही हातानं वाढवलाय. चोरी नको वाटली. तुम्हीच सांगा. मी चार दिवसांनी येतो."

आता याला काय सांगायचं? नाही म्हण, म्हणणं सोपं आहे. गवताचे भारे डोळ्यांपुढून हलेनात. हो म्हणावं तर याच हातांनी तिला पुन्हा मढं ओढावं लागणार होतं. रात्री ती आढ्याकडे बघत पडली आणि तिला वाटलं, मला आता काही ठरवायचंच नाही. कुणीतरी दुसऱ्यानं ठरवावं. मी थकले.

आणि पहाटे धार काढता काढता तिला ते सुचलं. सेतेर!

आमच्याकडे एखादं जनावर देवाला सोडतात. त्याला दुधानं धुवायचं, धूप दाखवायचा, गळ्यात रंगीत रेशमाची पट्टी बांधायची. तेच सेतेर. मग त्या जनावराला कुणी मारत नाही, विकत नाही, त्याच्यावर बसत नाही. चोरसुद्धा सेतेर दिसलं की वळसा घालून जातो. बाद्राख तर चोरही नव्हता. तिला नाही म्हणावं लागणार नव्हतं. पट्टीच म्हणणार होती.

गोम्बो एवढा हसला की त्याला ठसका लागला. "म्हातारे, सेतेर घरच्या घोड्याला बांधतात, बोकडाला बांधतात. मनूलला कुणी बांधलंय का सात पिढ्यांत?"

"मग मी बांधते."

"अगं, ती डोंगराच्या मालकाची, त्या देवाची जनावरं. त्याच्या कळपात शिरून तू आपली खूण करणार? उद्या बाद्राखनं आपल्या शेळीवर त्याचा डाग दिला तर चालेल तुला?"

"डोंगराच्या मालकाला दोनशे मेंढ्या दिल्या मी यंदा. त्यानं एक बोका दिला तर काही बिघडत नाही."

यावर गोम्बोनं धुपाचा डबा पुढे सरकवला. तसा तो शहाणा. बायको कधी थट्टेत बोलते आणि कधी रडायच्या ऐवजी बोलते, हे त्याला चाळीस वर्षांत कळलं होतं.

संध्याकाळी मनूल भिंतीवर आला तेव्हा तिनं मेंढीचं कातडं टाकून त्याला धरला. गोम्बो गुडघे टेकत आला आणि दाबून बसला. केवढा कालवा! दूध अर्धं मनूलवर, अर्धं गोम्बोच्या मांडीवर. धुपाच्या धुरानं तिघं शिंकली. लग्नातल्या निळ्या रेशमाचा एक लांब पट्टा तिनं फाडून ठेवला होता, त्यात लाल आणि पिवळी फीत पिळलेली. एवढ्या केसांत तो दिसणार कसा, म्हणून टोकं चांगली वीतभर लोंबती ठेवली. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ मारली. मनूलनं तिच्या अंगठ्यात दात रुतवले, तरी तिनं शेवटची गाठ पुरी केली.

"सोडा आता," ती म्हणाली. तो सुटला तो खडकांकडे. आणि काय आश्चर्य, खडकापर्यंत दिसत राहिला! निळं, निळं, निळं, आणि मग खडकाआड.

"हे मात्र बरं झालं," गोम्बो म्हणाला. "माझ्या फुटक्या डोळ्यांनाही दिसतो."

चौथ्या दिवशी बाद्राख आला. दारात उभं राहूनच दुर्बीण लावली. खडकावर मनूल ऊन खात बसला होता, गळ्याशी निळं फडफडत होतं. बाद्राखनं दुर्बीण खाली केली आणि टोपी काढली, सेतेरपुढे काढतात तशी. मग टोपी घातली.

"काकू, नाही म्हणायचं होतं तर तोंडानं म्हणायचं होतं," तो म्हणाला. "मी ऐकलं असतं."

"चहा तरी घे."

"नको. आईला वळवायची वेळ झाली."

तो गेला. दुलमाला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, चांगलंच वाईट वाटलं. पण त्या रात्री ती झोपली. अंगावरचे कपडे न काढता, कूस न बदलता, उजाडून उन्हं आत येईपर्यंत झोपली. गोम्बोनं तिला उठवलं नाही. धार त्यानंच काढली, निम्मी सांडली.

पुढचे दहाबारा दिवस त्या दोघांना एक खेळच लागला. ती आरूल, म्हणजे दह्याच्या वड्या, वाळत घालायला छपरावर हात उंच करायची आणि म्हणायची, "तो बघा, घळीच्या तोंडाशी." तो म्हणायचा, "मी तुझ्या आधी पाहिला." सगळं आयुष्य त्या माळावर काढलं, पण मनूल दिवसभर काय करतो हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. बसतो. सरकतो. बसतो. पुष्कळसा आपल्यासारखाच आहे, असं गोम्बोचं मत पडलं.

तो आता रोज भिंतीवर येऊ लागला होता. दोन दिवसांआड नाही, रोज. वाळला होता. मांसावर तुटून पडायचा. दुलमाला वाटलं, लळा लागला. तिनं तुकडा मोठा केला. बिळांतले उंदीर त्याला लांबूनच बघून शिट्ट्या मारून आत पळतात, हे तिनं ऐकलंही होतं. शिट्ट्या तर ऐकूच येत होत्या दिवसभर. पण ऐकणं आणि कळणं यांत अंतर असतं, आणि थकलेल्या माणसाचं ते फार मोठं असतं.

तो दिवस निरभ्र होता. दुपारची वेळ. दुलमा छपरावरचं आरूल उलटत होती. मनूल मेंढवाड्याकडेच येत होता, भर उन्हात, मोकळ्या खडीवरून. एवढ्या लवकर आणि एवढ्या उघड्यावर तो कधी येत नसे. भूक लागली असेल मेल्याला, असं ती मनात म्हणते आहे तोच खडीवरून एक सावली सरकली.

गरुड होता. वरच होता, अगदी वर.

मनूललाही दिसला. आणि त्यानं तेच केलं जे त्याच्या आईनं, आजीनं, सगळ्यांनी केलं होतं. जमिनीला चिकटला. कान चपटे, डोळे मिटल्यासारखे, एक केस हलू न देता दगड झाला. इतका सुरेख दगड की दुलमाला क्षणभर खडीच दिसली. खडी, आणि खडीवर वाऱ्यानं फडफडणारी वीतभर निळी चिंधी.

तेव्हा तिला कळलं.

"पळ!" ती ओरडली. आरूलची फळी हातातून पडली. "पळ मेल्या, पळ! दिसतोयस तू! ऊठ!" ती धावली. साठ वर्षांचे पाय, वहाणा निसटलेल्या. बासर दोरीला झटके देऊन भुंकत होता. मनूल हलला नाही. त्याला त्याच्या विद्येवर भरवसा होता. तिनं ओरडून ओरडून घसा फोडला आणि तो आणखीच जमिनीत शिरला.

गरुडानं पंख मिटले.

खोऱ्याच्या बाजूनं बाद्राख विहिरीवर घोडे घेऊन येत होता. त्यानं ओरडणं ऐकलं, पाहिलं आणि घोडा तसाच घातला, हातातली दोरी गरगरा फिरवत, आरोळ्या मारत. मनूलला पंजात धरून गरुड दोन पुरुष वर गेला होता. ओझं जड झालं की आरोळ्यांना भ्याला कोण जाणे, त्यानं ते टाकलं आणि गेला.

दुलमा पोचेपर्यंत बाद्राख खाली उतरला होता. त्यानं मनूलला आपल्या टोपीत उचललं. पाठ मोडली होती, जीव गेला होता. डोळे उघडे होते आणि तोंड नेहमीसारखंच, रागावलेलं. तिघं चालत घराकडे आली. म्हणजे दोघं आणि घोडा. दारात बाद्राखनं टोपी खाली ठेवली.

"मी काही केलं नाही, काकू," तो म्हणाला. "मी फक्त घोडा घातला."

"तुला कोण म्हणतंय?" दुलमा खाली बसली. तिला धाप लागली होती. "मी केलं हे. मीच मारलं त्याला. देवानं त्याला न दिसायचं वरदान दिलं होतं आणि मी त्याच्या गळ्यात निळं निशाण बांधलं. साठ वर्षं या माळावर काढली मी, बाद्राख. पोरासोरांना कळेल हे. मला कळलं नाही."

गोम्बो दारात आला होता. "अगं, थकली होतीस तू," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टेचं नावही नव्हतं.

"थकलं म्हणून माणूस आंधळं होतं का?"

गोम्बो तिच्याशेजारी बसायला गेला, गुडघा वाकेना, मग उभाच राहिला.

मग दुलमानं विचारलं, "आई कशी आहे?"

"तशीच. खात नाही फारसं."

"मग ने हा." तिनं टोपी त्याच्याकडे सरकवली. "चरबी फार नाही निघणार. वाळला होता. मांसाचं होईल सूप."

बाद्राख मागे सरकला. "काकू, सेतेर आहे. सेतेरच्या जनावराला हात लावून मी आईला काय पाजू? ते मेलं की त्याचं डोकं घाटावर देवाच्या दगडांच्या राशीवर ठेवायचं असतं."

"सेतेर मी बांधलं. लामा नव्हता, मंत्र नव्हता. मीच सोडते."

तिनं मनूलचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून गाठ शोधली. जिवंतपणी त्यानं एवढा वेळ हात लावू दिला नसता. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. तिची बोटं सुजलेली, अंगठ्यावर त्याच्याच दातांची खपली. पहिली गाठ सुटता सुटेना. गोम्बो म्हणाला, "सुरी देऊ का?" ती म्हणाली, "नको." बाद्राखनं शेवटी खाली बसून दोन्ही हातांनी मनूलची मान धरली, तिला सोपं जावं म्हणून. विहिरीवर घोडे पाण्यासाठी खिंकाळत होते, तरी तो उठला नाही. एक सुटली. मग दुसरी. ती रडत होती, आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसंच वाहत होतं. उन्हं भिंतीवरून खाली उतरली तेव्हा कुठे चिंधी हातात आली.

दुलमानं मनूल उचलून बाद्राखच्या ओंजळीत ठेवला.

"आता तो नुसता मनूल आहे," ती म्हणाली. "जा. आणि मांस फार वेळ शिजव, सूप पातळ कर. म्हातारीला दात नाहीत."